गॅनेफो: सुकार्नोंचे प्रतिऑलिंपिक

१० नोव्हेंबर १९६३ रोजी जकार्ताच्या सेनायन स्टेडियममध्ये एका नव्या जागतिक क्रीडास्पर्धेचा पडदा उघडला. तिचे पूर्ण नाव होते ‘गेम्स ऑफ द न्यू इमर्जिंग फोर्सेस’, आणि जगाच्या तोंडी बसले ते ‘गॅनेफो’. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि युरोप मिळून ५०च्या आसपास देशांचे २,०००हून अधिक खेळाडू तिथे आले होते. एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावतील असे मैदान होते, मशाल होती, संचलन होते, सोबत कलामहोत्सवही होता. ऑलिंपिकला पर्याय म्हणून एखाद्या सरकारने एवढे मोठे काही त्यापूर्वी क्वचितच उभे केले होते. तरीही ही स्पर्धा त्या आकारात पुन्हा कधी भरली नाही. पैसा, मैदान किंवा खेळाडू कमी पडले म्हणून ती संपली, असे मला वाटत नाही. सरकारला मैदान बांधता येते, विमानाची तिकिटे काढता येतात, पदकेही ओतून घेता येतात. कोणाचा विक्रम विक्रम म्हणून नोंदवायचा आणि कोणी कोणाशी खेळायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र एका वर्षात उभा करता येत नाही. तो अधिकार प्रत्येक खेळाच्या जागतिक महासंघाच्या हाती असतो. म्हणून सरकारांनी भरवलेली पर्यायी स्पर्धा ही बहुतेक वेळा वाटाघाटीतले दडपण असते. वाटाघाट संपली, किंवा ती करणारा सत्तेवरून गेला, की स्पर्धाही संपते, आणि दरम्यानची किंमत खेळाडूंनी मोजलेली असते.

गॅनेफोचे मूळ १९६२च्या चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धेत आहे. त्या वर्षीचे यजमानपद जकार्ताकडे होते आणि राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी त्यासाठी राजधानीचा कायापालट केला. सोव्हिएत कर्जातून सेनायनचे क्रीडासंकुल उभे राहिले. जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईतून हॉटेल इंडोनेशिया बांधले गेले. उद्घाटनाच्या दिवशी, २४ ऑगस्टला, देशाची दूरचित्रवाणी रीतसर सुरू झाली. वसाहतीच्या जोखडातून सुटून जेमतेम तेरा वर्षे झालेल्या देशाला जगासमोर ताठ मानेने उभे राहायचे होते आणि त्या आकांक्षेत गैर काहीच नव्हते. पेच पडला तो व्हिसाचा. साम्यवादी चीन आणि अरब देश हे सुकार्नोंचे मित्र, त्यामुळे तैवान आणि इस्राएल या दोन सदस्य देशांच्या पथकांना इंडोनेशियाने प्रवेशच दिला नाही. याआधी १९५८च्या विश्वचषक फुटबॉलच्या पात्रता फेरीतही इस्राएलशी खेळण्याऐवजी इंडोनेशियाने माघार घेतली होती. पण आता तो पाहुणा नव्हता, यजमान होता, आणि यजमानाने सदस्यांना दारातून परत पाठवणे हा आशियाई स्पर्धा महासंघाच्या नियमांचा उघड भंग होता.

या भंगाला उघड आव्हान दिले ते एका भारतीयाने. गुरुदत्त सोंधी हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य आणि आशियाई स्पर्धांचे खरे जनक. १९३४ साली दिल्लीत पश्चिम आशियाई स्पर्धा भरवण्यात आणि १९५१ साली दिल्लीतच पहिली आशियाई स्पर्धा भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. सदस्य देश वगळले गेले असतील तर या स्पर्धेला ‘आशियाई’ म्हणता येणार नाही, असा आग्रह त्यांनी जकार्तात धरला. तोवर जागतिक वेटलिफ्टिंग महासंघाने मान्यता काढून घेतल्यामुळे त्या खेळाच्या लढती रद्दच झाल्या होत्या, आणि अॅथलेटिक्सच्या महासंघाचीही कारवाईची भाषा सुरू होती. सोंधींचा प्रस्ताव बाहेर फुटताच शहर पेटले. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला आणि सोंधींना घाईघाईने जकार्ता सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक, चुनी गोस्वामी कर्णधार. बचावपटू जर्नेल सिंग आधीच्या सामन्यात डोके फुटून टाके पडलेल्या अवस्थेत आघाडीच्या फळीत खेळत होते. भारताचे नाव निघताच हुर्यो उडवणाऱ्या हजारो प्रेक्षकांसमोर हा संघ उतरला आणि पी. के. बॅनर्जी व जर्नेल सिंग यांच्या गोलांवर २-१ असा जिंकला. एका समितीतल्या वादाचा राग अकरा खेळाडूंवर निघाला. त्या वादात त्यांचा शब्दभरही वाटा नव्हता.

याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या दोन मल्लांनी आपल्या कुस्तीचा झेंडा लावला होता. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले, तर गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. सोंधींचे म्हणणे शेवटपर्यंत तडीस गेले असते तर ही पदके ‘जकार्ता स्पर्धे’ची ठरली असती, आशियाई उरली नसती. सोंधींची भूमिका नियमाला धरून होती, हे मी मान्य करतो. पण नियमाला धरून असलेल्या निर्णयाचाही भार खेळाडूवरच पडतो, हे या उदाहरणातून दिसते. आंतरराष्ट्रीय समित्यांना याचे सोयीस्कर विस्मरण होते.

फेब्रुवारी १९६३मध्ये ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला अनिश्चित काळासाठी निलंबित केले. इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे: खेळात राजकारण आणले ते सुकार्नोंनी की ऑलिंपिक समितीनेच? त्याच १९६२ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे आइस हॉकीची जागतिक स्पर्धा झाली आणि पूर्व जर्मनीच्या संघाला व्हिसा मिळाला नाही. निषेध म्हणून सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया गेलेच नाहीत. फ्रान्सने शामोनीच्या स्कीइंग स्पर्धेत पूर्व जर्मनांना असेच अडवले. अमेरिका किंवा फ्रान्स निलंबित झाले नाहीत. वर्णभेद कायद्याने चालवणारा दक्षिण आफ्रिका इंडोनेशियाच्या निलंबनाच्या दिवशीही ऑलिंपिक कुटुंबात मानाने नांदत होता. समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज ‘खेळ राजकारणापासून दूर’ हे सूत्र आयुष्यभर उच्चारत राहिले. ते हिटलरच्या बर्लिनमध्ये १९३६ साली अमेरिकेचा संघ जावा म्हणून झटलेले गृहस्थ होते. ज्या सूत्राचा दंड फक्त दुबळ्याच्या पाठीत बसतो, त्याला तटस्थता म्हणता येत नाही. म्हणून सुकार्नोंचा संताप मला खरा वाटतो. इतकेच नव्हे, तर खेळ आणि राजकारण वेगळे असल्याचे ढोंग आपण करणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले, त्यात त्यांचा प्रामाणिकपणा ब्रंडेजांपेक्षा अधिक होता. मात्र तक्रार खरी असणे ही एक गोष्ट, आणि तिच्यावर काढलेला उतारा लागू पडणे ही दुसरी.

निलंबनानंतर आठवडा उलटण्याआधीच सुकार्नोंनी क्रीडामंत्री मलादी यांना नवी स्पर्धा उभारण्याचा आदेश दिला. मलादी स्वतः फुटबॉलचे गोलरक्षक राहिलेले, देशाच्या फुटबॉल संघटनेचे माजी अध्यक्ष, त्यामुळे काम जाणत्याच्या हाती होते. वैचारिक चौकट तयारच होती. सुकार्नो आधीपासूनच जगाची विभागणी नव्या उगवत्या शक्ती आणि जुन्या प्रस्थापित शक्ती अशी करत आले होते. एप्रिलमध्ये जकार्तात पूर्वतयारीची बैठक झाली. चीन, सोव्हिएत संघ, संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त), पाकिस्तान, इराक, कंबोडिया, गिनी, माली, उत्तर व्हिएतनाम आणि यजमान इंडोनेशिया असे दहा देश सहभागी होते, तर श्रीलंका आणि युगोस्लाव्हिया निरीक्षक. वरकरणी एकच व्यासपीठ, पण त्यावर बसलेल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता. चीन १९५८ साली तैवानच्या प्रश्नावरून ऑलिंपिक चळवळीतून बाहेर पडला होता. त्याच्याकडे खेळाडू होते, पण त्यांना खेळायला जग नव्हते. शिवाय १९६३ साली मॉस्को आणि पेकिंगमधले भांडण चव्हाट्यावर आले होते आणि तिसऱ्या जगाचे पुढारपण कोणाकडे, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. म्हणून कित्येक पथकांच्या प्रवासखर्चाचा भार चीनने उचलला. सोव्हिएत संघाला हे पुढारपण चीनला आंदण द्यायचे नव्हते आणि ऑलिंपिकमधली आपली जागाही गमवायची नव्हती. त्याने जकार्ताला खेळाडू पाठवले, पण पहिल्या फळीतले नव्हे. पाकिस्तानने मार्चमध्येच चीनशी सीमाकरार केला होता, त्यामुळे त्याची हजेरी समजण्यासारखी. भारताने नुकतेच चीनशी युद्ध लढले होते आणि आपल्या दूतावासाच्या फुटलेल्या काचाही तो विसरला नव्हता. भारतीय पथक गॅनेफोला गेले नाही.

जपानची अडचण सर्वांत बोलकी होती. पुढच्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक भरणार होते. इंडोनेशियाशी व्यापार जपायचा होता आणि ऑलिंपिकवर सावट येऊ द्यायचे नव्हते. त्यामुळे जपानच्या ऑलिंपिक समितीने अंग काढून घेतले आणि ज्यांच्या ऑलिंपिक प्रवेशाला धोका नव्हता असे खेळाडू जकार्ताला गेले. इतर अनेक देशांनीही कमी-अधिक फरकाने हेच केले. पदकतक्त्यात चीन ६०हून अधिक सुवर्णपदकांसह पहिला आला, सोव्हिएत संघ बऱ्याच अंतराने दुसरा. चीनसाठी ते मोठे यश होते, पण कोणाला हरवून मिळवलेले, हा प्रश्न त्या तक्त्याखाली कायमचा राहिला. गॅनेफोच्या ताकदीची मर्यादा इथेच उघडी पडते: आलेल्या देशांनाही ऑलिंपिकशी नाते तोडायचे नव्हते. दोन्ही डगरींवर पाय ठेवून त्यांनी सुकार्नोंची मैत्री आणि ब्रंडेज यांची मान्यता या दोन्ही गोष्टी राखल्या.

तरीही गॅनेफोत अस्सल, जागतिक दर्जाची कामगिरी झाली. ती कोणाच्या वाट्याला आली आणि तिचे पुढे काय झाले, हे तपशिलात पाहिले पाहिजे. उत्तर कोरियाची शिन कुम-दान ४०० मीटर ५१.४ सेकंदांत धावली आणि ८०० मीटर १ मिनिट ५९.१ सेकंदांत. ८०० मीटर दोन मिनिटांच्या आत धावणारी ती पहिली स्त्री. ११ महिन्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्टने ४०० मीटरचे सुवर्ण ५२ सेकंदांत जिंकले, आणि ब्रिटनच्या अॅन पॅकरने ८०० मीटरमध्ये २ मिनिटे १.१ सेकंद हा अधिकृत जागतिक विक्रम नोंदवला. शिन तिच्यापेक्षा पुरे दोन सेकंद आधी पोहोचली असती. पण जकार्तातली तिची वेळ अॅथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने विक्रम म्हणून कधीच स्वीकारली नाही. उलट गॅनेफोत धावलेल्या अॅथलीटना आणि पोहलेल्या जलतरणपटूंना त्यांच्या महासंघांनी टोकियोसाठी अपात्र ठरवले. ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाचे निलंबन १९६४च्या मध्यात उठवले, म्हणजे सरकारशी तडजोड झाली. खेळाडूंवरची बंदी मात्र तशीच राहिली. ऑक्टोबरमध्ये इंडोनेशिया आणि उत्तर कोरिया या दोन्ही देशांची पथके टोकियोत पोहोचली आणि बंदी उठत नाही असे दिसल्यावर न खेळताच माघारी फिरली. शिनचे वडील कोरियन युद्धात ताटातूट होऊन दक्षिणेत राहिले होते. ते मुलीला भेटायला टोकियोला आले, आणि परतीच्या गडबडीत दोघांना मिळाली ती काही मिनिटांची भेट. जगातली सर्वांत वेगवान मध्यम पल्ल्याची धावपटू ऑलिंपिकच्या ट्रॅकवर एकदाही उतरू शकली नाही. महासंघांची शिक्षा निर्दय होती, यात शंका नाही. पण असे होऊ शकते हे तिला जकार्ताला धाडणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. जपानने तर त्याची तजवीजही केली होती.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की गॅनेफोला केवळ राजकीय डावपेच म्हणणे हा तिच्यात मनापासून उतरलेल्या हजारो लोकांवर अन्याय आहे. ऑलिंपिकच्या दारात उभेही राहू न शकणाऱ्या उत्तर व्हिएतनाम आणि पॅलेस्टाइनसारख्या पथकांना तिथे ध्वज मिळाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांतल्या खेळाडूंना परदेशात खेळण्याची संधी मिळाली, तीही परवडेल अशा रीतीने. हे सगळे खरे आहे आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. पण मग या गरजेची कदर यजमानांनी किती केली? दुसरी गॅनेफो १९६७ साली कैरोत भरायची होती, ती भरलीच नाही. १९६६च्या अखेरीस नॉम पेन्हमध्ये ‘आशियाई गॅनेफो’ झाली, तिच्यात १७ देश होते आणि तिथेही चीनच अव्वल होता. त्यानंतर सगळे थंडावले. सप्टेंबर १९६५च्या अखेरच्या रक्तरंजित उलथापालथीनंतर सुकार्नोंच्या हातून सत्ता निसटली होती, त्यांच्या जागी आलेल्या सुहार्तोंच्या राजवटीने चीनशी वैर धरले होते, आणि चीन स्वतः सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत सापडला होता. नॉम पेन्हची स्पर्धा आटोपली त्याच आठवड्यात बँकॉकमध्ये अधिकृत आशियाई स्पर्धा सुरू झाल्या आणि ज्या इंडोनेशियाने गॅनेफो जन्माला घातली त्याचे पथक बँकॉकमध्ये होते. आफ्रिकी खेळाडूंची गरज संपलेली नव्हती. संपली होती ती जकार्ताची गरज.

सुकार्नोंच्या दुसऱ्या एका प्रयत्नाशी ताडून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. मलेशियाला सुरक्षा परिषदेत जागा मिळाल्याच्या रागाने जानेवारी १९६५मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघ सोडला आणि ‘नव्या उगवत्या शक्तींची परिषद’ भरवण्यासाठी सेनायनजवळच भव्य वास्तूचे काम काढले. परिषद कधीच झाली नाही. १९६६च्या सप्टेंबरमध्ये इंडोनेशिया राष्ट्रसंघात परतला. त्या वास्तूत आज इंडोनेशियाची संसद भरते.

मग ऑलिंपिक समितीच्या दुटप्पीपणावर उपाय नव्हताच का? होता, आणि तो अंगीकारला गेला. आफ्रिकी देशांनी १९६६ साली आपली सर्वोच्च क्रीडा परिषद स्थापन केली आणि वेगळे ऑलिंपिक न काढता आहे त्याच ऑलिंपिकवर बहिष्काराचा धाक घातला. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी दक्षिण आफ्रिकेला दिलेले निमंत्रण समितीला मागे घ्यावे लागले आणि १९७०मध्ये त्या देशाची हकालपट्टी झाली. चीन १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत आला, १९७९मध्ये ऑलिंपिक चळवळीत परतला, तैवानला नाव आणि ध्वज बदलून खेळणे भाग पडले. इस्राएलचे उदाहरण तर डोळ्यांत भरणारे आहे. तेहराननंतर त्याला आशियाई स्पर्धेत स्थान उरले नाही. १६ नोव्हेंबर १९८२ रोजी, नवव्या आशियाई स्पर्धेच्या तोंडावर, नव्या दिल्लीत आशियाई ऑलिंपिक परिषदेची स्थापना झाली. कुवेतचे शेख फहाद तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि इस्राएलला तिच्यात प्रवेश मिळाला नाही. १९६२च्या ज्या कृतीसाठी इंडोनेशियाला वाळीत टाकले गेले, तीच वीस वर्षांनी सोंधींच्या दिल्लीत अधिकृत संस्थेची घटना बनली. हे न्याय्य होते की नाही हा वेगळा वाद आहे, आणि माझ्या मते एखाद्या देशाच्या खेळाडूंना सरसकट खंडाबाहेर काढणे न्याय्य नव्हते. पण सत्तेचा मार्ग कोणता होता, हे यातून कळते. संस्थेत राहून मते गोळा करणाऱ्यांनी ते साधले, जे सेनायनच्या लाखभर प्रेक्षकांनी साधले नाही. गॅनेफोच्या धसक्याने समिती नव्या देशांशी मवाळ झाली, असे कोणी म्हणेल. ते मी मानतो. ते मानले तरी गॅनेफो हे दडपण होते, पर्याय नव्हता, हेच सिद्ध होते.

महासत्तांनी हा धडा नीट गिरवला. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकल्यावर अमेरिकेने फिलाडेल्फियात बहिष्कारी देशांसाठी अॅथलेटिक्सची दोन दिवसांची स्पर्धा घेतली, तीही ऑलिंपिकच्या आधी. १९८४ साली लॉस एंजलिसला न गेलेल्या सोव्हिएत गटाने नऊ देशांत ‘मैत्री स्पर्धा’ भरवल्या, त्यांच्या तारखा ऑलिंपिकच्या दिवसांना टाळून ठेवल्या आणि हा पर्याय नाही असे आवर्जून सांगितले. खेळाडूंवर बंदी ओढवू नये एवढी काळजी त्यात होती आणि ती योग्यच होती. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर एकाकी पडलेल्या रशियाने २०२४साठी मॉस्को आणि येकातेरिनबर्ग इथे ‘जागतिक मैत्री स्पर्धा’ जाहीर केल्या. ऑलिंपिक समितीने मार्चमध्ये खेळाडूंना आणि सरकारांना त्यापासून दूर राहण्याचे आवाहन केले. स्पर्धा आधी पुढे ढकलल्या गेल्या आणि वर्षाच्या अखेरीस बेमुदत तहकूब झाल्या. पैसा तर तिथेही होता.

आणि इंडोनेशिया? ऑक्टोबर २०२५मध्ये जकार्तात भरलेल्या जागतिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धेसाठी त्याने इस्राएली खेळाडूंना व्हिसा नाकारले. ऑलिंपिक समितीने त्याच्याशी यजमानपदाची बोलणी थांबवली आणि महासंघांना तिथे स्पर्धा न नेण्याची शिफारस केली. या वेळी जकार्ताने नव्या ऑलिंपिकची घोषणा केली नाही. पुढे एखादे सरकार ती करील तेव्हा उद्घाटनाची रोषणाई आणि सहभागी देशांची यादी बाजूला ठेवून वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत: तिथले विक्रम कोणता महासंघ नोंदवणार आहे, यजमान देश आपले अव्वल खेळाडू तिथे उतरवणार आहे का, आणि बंदी आली तर ती कोण भोगणार आहे?